बारा महिन्यांचे पांघरूण

रहस्य आणि धागा यांचे नाते आपल्या भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. एखादी चोरी उघडकीस येऊ लागली, की ‘पोलिसांच्या हाती धागेदोरे लागले’ असे आपण म्हणतो. प्रकरण अवघड असेल, तर त्याचा ‘गुंता’ झालेला असतो. तो सुटला, की ‘उकल’ होते आणि सारे काही लख्ख दिसू लागले, म्हणजे रहस्याचा ‘उलगडा’ झाला असे आपण समजतो. कथेच्या मुळाशी असलेल्या विचारालाही आपण ‘सूत्र’च म्हणतो, आणि सूत्र म्हणजे तरी सूतच!

इंग्रजी भाषेतही नेमके हेच घडले आहे. अपराधाच्या तपासात सापडणाऱ्या खुणेला त्या भाषेत ‘क्लू’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ सुताचा गुंडा असा आहे. ग्रीक पुराणात याची एक कथा आहे. क्रीट बेटावर एक अवाढव्य भुलभुलैया होता आणि त्याच्या पोटात बैलाचे डोके असलेला एक राक्षस राहत असे. त्याला मारण्यासाठी थीसियस नावाचा वीर निघाला, तेव्हा राजकन्या ॲरिॲड्नी हिने त्याच्या हाती सुताचा एक गुंडा दिला. थीसियसाने सुताचे टोक दाराशी बांधले आणि गुंडा उलगडत तो आत शिरला. राक्षसाला मारल्यावर तेच सूत धरून तो सुखरूप बाहेर आला. गुंडा सुटत जातो आणि वाट सापडत जाते. म्हणून पुढे वाट दाखविणाऱ्या प्रत्येक खुणेला हेच नाव मिळाले.

तेव्हा लोकरीचा गुंडा आणि रहस्यकथेचे पुस्तक ही दोन्ही एकाच टोपलीत ठेवलेली दिसली, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही. इंग्लंड-अमेरिकेत गेल्या काही वर्षांत अशी एक प्रथा चांगलीच रुजली आहे. निरनिराळ्या घरांत, निरनिराळ्या गावांत राहणारी माणसे वर्षारंभी एकाच पांघरुणाचे काम हाती घेतात. नमुना ठरविणारी व्यक्ती दर महिन्याला त्याचा एकच भाग सर्वांना देते. जानेवारीचा भाग जानेवारीत विणायचा. फेब्रुवारीत काय येणार, हे तोवर कोणालाच कळत नाही. अखेरीस पांघरूण कसे दिसेल, हेही पुष्कळदा गुपितच राहते. काही मंडळे याला आणखी एक जोड देतात. दर महिन्याला पांघरुणाचा एक भाग आणि त्याबरोबर एक रहस्यकथा! हातांनी एक कोडे विणायचे आणि मनाने दुसरे सोडवायचे, असा हा बारा महिन्यांचा उद्योग असतो.

या उद्योगात बहुधा क्रोशाचे विणकाम असते. ‘क्रोशा’ हा शब्द मूळचा फ्रेंच असून त्याचा अर्थ ‘लहानशी आकडी’ असा आहे. नावाप्रमाणे या कामाला एवढेच हत्यार लागते. टोकाशी आकडी असलेली वीतभर लांबीची एक सुई आणि लोकरीचा एक गुंडा असला, की झाले. लोकरीला एक सरकगाठ मारून तिच्या फासात सुई घालायची, आकडीने धागा ओढायचा आणि तो त्या फासातून बाहेर काढायचा. पहिली साखळी तयार झाली! याच कृतीचे पुढे निरनिराळे प्रकार होतात. सुईवर आधीच एक वेढा घेतला, की उंच टाका पडतो. त्याला ‘खांब’ म्हणतात.

या विणकामातील सर्वांत लोकप्रिय आकृती म्हणजे एक साधा चौकोन. इंग्रजीत त्याला ‘ग्रॅनी स्क्वेअर’, म्हणजे ‘आजीचा चौकोन’ म्हणतात. त्याची रचना मोठी सुबक असते. चार-सहा साखळ्या जोडून मध्यभागी एक कडे करायचे आणि त्या कड्यात तीन-तीन खांबांचे चार गट घालायचे. ही पहिली फेरी. दुसऱ्या फेरीत आठ गट होतात, तिसरीत बारा आणि चौथीत सोळा. म्हणजे चारही फेऱ्यांचे मिळून चाळीस गट आणि एकशे वीस खांब झाले. असा चौकोन साधारण चार इंच रुंद भरतो. बारा रांगांत बारा-बारा चौकोन जोडले, तर चार फूट लांब आणि चार फूट रुंद पांघरूण तयार होते. त्यात चौकोन १४४ आणि खांब १७,२८० असतात! हा आकडा एकदम ऐकला, तर कोणाचीही छाती दडपेल. पण तेच काम बारा महिन्यांत विभागले, की महिन्याला बारा चौकोन येतात आणि आठवड्याला जेमतेम तीन. तीन चौकोनांना कोण भिणार?

या महिन्यांना साथ देणाऱ्या रहस्यकथाही खास प्रकारच्या असतात. त्यांना इंग्रजीत ‘कोझी’ असे नाव आहे. कोझी म्हणजे ऊबदार, सुखद. चहाची किटली गरम राहावी म्हणून तिच्यावर लोकरीचे जे टोपडे घालतात, त्यालाही कोझीच म्हणतात. या कथांत अपराध घडतो, पण रक्तपाताची वर्णने नसतात. घटनास्थळ बहुधा एखादे लहान गाव असते. तपास करणारी व्यक्ती पोलिसांपैकी नसते. ती ग्रंथपाल असेल, दुकानदार असेल किंवा शेजारची एखादी वृद्ध बाई असेल. सारे जण जिच्याकडे दुर्लक्ष करतात, तीच सर्वांत बारकाईने पाहत असते.

अशा वृद्ध बाईंमध्ये सर्वांत प्रसिद्ध आहे ती ॲगाथा ख्रिस्ती या लेखिकेने निर्माण केलेली मिस मार्पल. ही लेखिका १८९० साली जन्मली आणि १९७६ साली वारली. डिसेंबर १९२७ पासून सहा महिने तिने एका मासिकात दरमहा एक अशा सहा गोष्टी लिहिल्या. त्यांतील पहिल्या गोष्टीत मिस मार्पलच्या घरी काही मंडळी जमलेली असतात. त्यांत एक लेखक, एक चित्रकार तरुणी, एक धर्मोपदेशक, एक वकील आणि पोलीस खात्यातील एक निवृत्त बडा अधिकारी आहे. दर मंगळवारी जमावे आणि एकेकाने आपल्याला ठाऊक असलेले एक खरे रहस्य सांगून इतरांना उत्तर विचारावे, असे त्यांच्यात ठरते. मंडळी मोजताना ती पाच भरतात. कोपऱ्यात पांढरी मऊ लोकर विणत बसलेल्या मिस मार्पलची आठवण कोणालाच राहत नाही. ‘मला विसरलात की,’ असे तिला स्वतःच सांगावे लागते. आणि पुढे दर वेळी अचूक उत्तर सापडते ते मात्र तिलाच!

तिला ते कसे सापडते? तिच्याजवळ भिंग नाही, पिस्तूल नाही की प्रयोगशाळा नाही. गावातील लहानसहान माणसांचे वागणे तिने वर्षानुवर्षे पाहिलेले असते आणि एक टाका दुसऱ्याशी जोडावा, तसा ती एक प्रसंग दुसऱ्याशी जोडते. मधला एकही टाका सोडत नाही, म्हणून शेवटी आकृती नेमकी उमटते.

रहस्यकथा लिहिणाऱ्यांनाही हा नियम मान्य असतो. १९३० साली लंडन येथे अशा लेखकांनी ‘डिटेक्शन क्लब’ नावाचे मंडळ स्थापन केले. वाचकापासून महत्त्वाचा धागा कधीही लपवून ठेवणार नाही, अशी शपथ त्याच्या सभासदांना घ्यावी लागे. जी. के. चेस्टरटन हे या मंडळाचे पहिले अध्यक्ष होते; ख्रिस्तीबाईंनीही पुढे ते पद भूषविले. उत्तर शोधण्यासाठी जे जे लागते, ते ते सारे वाचकाला मिळालेच पाहिजे. मात्र ते ओळखण्यासाठी त्याने पानामागून पान वाचले पाहिजे. फास्टर फेण्याच्या करामती वाचणाऱ्या मराठी मुलांना यातील गंमत निराळी सांगायला नको.

आता अशाच एका मंडळाचे चित्र डोळ्यांसमोर आणू या. इंग्लंडमधील एखाद्या लहान शहराचे ग्रंथालय आहे. जानेवारी महिना आहे. दुपारी चार वाजताच बाहेर काळोख दाटून आला आहे. आत दिव्याखाली दहा खुर्च्या मांडल्या आहेत. येणाऱ्यांत बहुतेक स्त्रिया आहेत. त्यांपैकी कित्येक एकट्याच राहतात. दोन निवृत्त पुरुषही आहेत. आपल्या आजीचे बोट सोडून नुकतीच मोठी झालेली एक बारा वर्षांची मुलगीही तेथे येते. एक जण मोठ्याने वाचतो, बाकीचे विणतात. सुई आणि लोकर यांचा आवाज होत नाही, त्यामुळे शब्द स्पष्ट ऐकू येतात.

पहिले दोन महिने त्या मुलीला सगळ्याच गोष्टींची घाई असते. चौथी फेरी पुरी होण्याआधीच ती नव्या चौकोनाचे कडे घालू पाहते. पुस्तक घरी नेले, की ती आधी शेवटचे पान वाचते. फेब्रुवारीत तर ती शेजारच्या खुर्चीवरील आजीबाईंच्या कानाशी लागून अपराध्याचे नाव सांगू लागते. आजीबाई लोकरीसकट दोन्ही हात कानांवर ठेवतात आणि सारे मंडळ खळखळून हसते.

एप्रिलमध्ये तिचा एक चौकोन वाकडा होतो. कितीही ओढला, तरी त्याचा एक कोपरा आत वळतो. ती टाके मोजते. चौथ्या फेरीत काही चूक नाही; तिसरीतही नाही. चूक आहे ती दुसऱ्या फेरीत. आठ गटांऐवजी तेथे सातच गट पडलेले आहेत. वरच्या दोन फेऱ्यांतील सारे खांब नीटनेटके आहेत, परंतु खाली राहिलेली ती एक उणीव त्यांच्यातील प्रत्येकाला वाकवीत आहे. अशा वेळी एकच उपाय असतो. धागा ओढायचा आणि चुकीच्या जागेपर्यंत उसवत जायचे.

उसवण्याच्या या कामाला तेथील विणणाऱ्यांनी एक मजेदार नाव दिले आहे. ते त्याला ‘फ्रॉगिंग’, म्हणजे जवळजवळ ‘बेडूकगिरी’ म्हणतात! इंग्रजीत ‘उसव ते’ अशा अर्थाचे ‘रिप इट’ हे शब्द भराभर उच्चारले, की बेडकाच्या ओरडण्यासारखे ऐकू येतात. मुलीने धाग्याला हात घालताच दोन्ही निवृत्त गृहस्थ गंभीर मुद्रेने बेडकासारखे ओरडतात. तिच्या डोळ्यांत आलेले पाणी हसण्यात विरून जाते. उसवलेली लोकर वाया गेलेली नसते. ती तेवढीच असते. फक्त थोडी वळणे घेऊन पुन्हा गुंड्यावर जाते. दुसऱ्या फेरीपासून पुन्हा विणलेला तो चौकोन या वेळी सरळ बसतो.

जुलै उजाडतो. रात्रीचे नऊ वाजले, तरी बाहेर उजेड असतो. मांडीवर लोकर नकोशी वाटते. निम्मे काम झालेले असते, पण निम्मे उरलेलेही असते. आणि कोणत्याही लांबच्या कामात हाच काळ सर्वांत कठीण असतो. आरंभाचे कौतुक सरलेले असते आणि शेवट अजून दृष्टीस पडत नाही. पुष्कळांची पांघरुणे याच ठिकाणी कपाटात जातात, ती पुन्हा बाहेर येत नाहीत. मुलीच्या मनातही एक विचार येतो. बाजारात तर पांघरुणे विकत मिळतात. मग ही खटपट कशासाठी?

प्रश्न खरा आहे आणि त्याला खरेच उत्तर दिले पाहिजे. दोन सुयांवरील विणकाम करणारे यंत्र विल्यम ली या इंग्रज गृहस्थाने १५८९ सालीच बनविले. क्रोशाची गोष्ट निराळी आहे. त्याचे टाके घालण्याचे यंत्र बाजाराच्या उपयोगात अद्यापि आलेले नाही. दुकानात टांगलेली खरी क्रोशाची वस्तूही कोणाच्या तरी हातांनी, एकेक फास ओढूनच तयार झालेली असते. आपल्या आंध्र प्रदेशात नरसापूरच्या परिसरातील स्त्रिया एकोणिसाव्या शतकापासून क्रोशाची नाजूक झालर विणत आल्या आहेत. गिऱ्हाईक ती झालर क्षणात उचलते आणि विणणारीचे किती तास तिच्यात गेले, हे त्याला कळतही नाही. ज्याने स्वतः एकशे वीस खांब मोजून घातले आहेत, त्याला मात्र ते कळते. विणायला शिकण्याचा हा काही लहानसहान लाभ नव्हे.

सप्टेंबरमध्ये त्या मंडळाने निवडलेले पुस्तक मोठे विलक्षण असते. ते चार्ल्स डिकन्स याची ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ ही कादंबरी होय. एडविन ड्रूड हा तरुण नाताळच्या सुमारास एकाएकी नाहीसा होतो. त्याला कोणी मारले, की तो जिवंत आहे, हेच या कथेतील रहस्य आहे. ही कादंबरी दरमहा एक याप्रमाणे बारा भागांत प्रसिद्ध व्हायची होती. एप्रिल १८७० मध्ये पहिला भाग निघाला आणि लोक पुढच्या महिन्याची वाट पाहू लागले. पण ९ जून १८७० रोजी डिकन्स मरण पावला. तोवर तीन भाग प्रसिद्ध झाले होते. लिहून ठेवलेले आणखी तीन नंतर निघाले. उरलेले सहा भाग कधीच लिहिले गेले नाहीत.

वाचन संपते. ‘मग त्याला मारले कोणी?’ मुलगी विचारते. आता शेवटचे पान उलटून पाहण्याची सोय नसते, कारण शेवटचे पानच नाही! अनेक लेखकांनी ही कादंबरी आपापल्या परीने पुरी करून पाहिली. १९१४ साली लंडनमध्ये तर काही साहित्यिकांनी तिच्यातील संशयितावर लुटुपुटीचा खटला भरला. न्यायाधीशाच्या आसनावर चेस्टरटन होते आणि पंचांचे प्रमुख होते बर्नार्ड शॉ. अखेर चेस्टरटन यांनी न्यायालयाच्या अवमानाबद्दल स्वतःखेरीज सर्वांनाच दोषी ठरविले आणि खटला संपला. पण डिकन्सच्या मनात काय होते, ते कोणालाच निश्चितपणे सांगता आले नाही. धागा त्याच्या हातात होता आणि तो हातच थांबला.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मंडळातील एक खुर्ची रिकामी राहते. फेब्रुवारीत ज्यांनी कानांवर हात ठेवले होते, त्या आजीबाई आता येणार नसतात. त्यांची मुलगी एक पिशवी घेऊन येते. तिच्यात नऊ महिन्यांचे चौकोन असतात, नीट मोजून दोऱ्याने बांधलेले. बारा नवे एकशे आठ. ऑक्टोबरची रहस्यकथाही असते. खूण म्हणून घातलेला लोकरीचा तुकडा तिच्या निम्म्याहून थोड्या पुढच्या पानावर असतो. आणि तळाशी एक अर्धा चौकोन असतो. त्याची सुई अजून शेवटच्या फासात अडकलेली आहे.

मुलगी तो चौकोन हातात घेते. हा उसवून नवा घालावा काय, असे ती आपल्या आजीला विचारते. आजी मान हलवते आणि तिला क्रोशाच्या विणीतील एक गोष्ट दाखवते. दोन सुयांच्या विणकामात एका वेळी कितीतरी फास सुईवर उघडे असतात. क्रोशात तसे नसते. विणणारा कोठेही थांबला, तरी त्याचा एकच फास उघडा राहतो. मागचे सारे टाके बंद झालेले असतात. तो एक फास सोडून धागा ओढत गेले, तर सगळे काम उसवू शकते. त्याच फासात सुई घातली, तर कोणीही तेथूनच पुढे जाऊ शकते. कादंबरी लिहिणाऱ्याच्या मनातील गुपित त्याच्याबरोबर गेले. चौकोनाचे पुढचे गुपित मात्र त्या फासातच असते.

या प्रकारचे काम मोठ्या प्रमाणावर करणारी माणसे जगात खरोखरच आहेत. अमेरिकेत २०२२ साली दोन मैत्रिणींनी ‘लूज एंड्स’, म्हणजे ‘सुटी टोके’, या नावाने एक उपक्रम सुरू केला. कोणी माणूस वारतो किंवा आजारपणामुळे त्याचे हात चालेनासे होतात आणि त्याचे विणकाम अर्धवट राहते. घरच्यांना ते टाकवत नाही आणि पुरे करताही येत नाही. असे काम हा उपक्रम एखाद्या स्वयंसेवकाकडे सोपवितो. तो स्वयंसेवक ते विनामूल्य पुरे करून घरच्यांना परत देतो. ज्याला आपण कधी पाहिले नाही, त्याने सोडलेला टाका उचलून पुढे विणायचे. पांघरायचे मात्र तिसऱ्याच कोणीतरी!

अनेकांच्या हातांनी एक पांघरूण होते, याची साक्ष आपल्या देशातही मिळते. ३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नई येथे ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने ११,१४८.५ चौरस मीटरांचे क्रोशाचे पांघरूण मांडून जागतिक विक्रम केला. दूरदूरच्या स्त्रियांनी विणून पाठविलेले तुकडे जोडून ते बनविले होते. विक्रम झाल्यावर त्याची पुन्हा सुटी पांघरुणे करण्यात आली, ती गरजूंना देण्यासाठी. आणि महाराष्ट्रातील घराघरांत असलेली गोधडी तरी दुसरे काय असते? आजीचे लुगडे, आईची साडी, धाकट्याचे आखूड झालेले कपडे, असे तुकडे एकत्र येतात. आईने आरंभलेली गोधडी लेकीने पुरी केली, असेही पुष्कळदा घडते. कोणता टाका कोणाचा, ते पांघरणाऱ्याला दिसत नाही. ऊब मात्र सर्वांची मिळून लागते.

त्या ग्रंथालयातही पुढे असेच होते. आजीबाईंचे छत्तीस चौकोन राहिलेले असतात. नऊ माणसे ते वाटून घेतात. प्रत्येकाच्या वाट्याला चार येतात. स्वतःचे महिन्याचे बारा आणि वर हे चार. मुलगी आपल्या वाट्यातील पहिला चौकोन म्हणून तो अर्धाच मागून घेते. आजीबाईंचा हात घट्ट होता. तिचा सैल आहे. त्यामुळे दुसऱ्या फेरीपर्यंतचे खांब आखूड आणि दाट दिसतात, तर तिसऱ्या फेरीपासून ते किंचित ढिले आणि उंच होतात. तिला ते खटकते. पण मंडळातील कोणीही तिला उसवायला सांगत नाही आणि या वेळी कोणी बेडकासारखे ओरडतही नाही.

ऑक्टोबरचे पुस्तक ती याच दिवसांत वाचते. शेवटचे पान तिच्या हाताशीच असते, पण ती लोकरीच्या खुणेपर्यंत एकेक पान वाचत जाते. आजीबाई जेथे थांबल्या, तेथवर सारे धागे वाचकाला मिळालेले होते. त्यांनी उत्तर ओळखले असेल काय? मिस मार्पलने ते नक्कीच ओळखले असते. मग ती खूण तशीच ठेवून ती पुढचे पान उलटते.

डिसेंबरमध्ये चौकोन जोडण्याचे काम असते. दहा माणसांची दहा पांघरुणे ग्रंथालयाच्या टेबलांवर पसरतात. एकाच नमुन्याची असूनही त्यांतील कोणतीही दोन सारखी दिसत नाहीत. रंग निराळे, हात निराळे. काठाची शेवटची फेरी घालून झाली, की विणणारा धागा कापतो, त्याचे टोक उरलेल्या त्या एका फासातून ओढून घेतो आणि गाठ आवळतो. आता ते उसवत नाही. दहावे पांघरूण आजीबाईंच्या मुलीकडे जाते.

ती ते उलगडून पाहते. एकशे त्रेचाळीस चौकोन एकेका हाताचे आहेत. एकाच चौकोनात दोन हात आहेत. तो कोणता, हे बारा वर्षांच्या त्या मुलीला डोळे मिटूनही सांगता येते. बोटाने खांबांवरून फिरत गेले, की दुसऱ्या फेरीनंतर वीण जेथे सैल होते, तेथे ती थांबते.